सोयीपुरते कैलासवासी

२ सप्टेंबर, मंगळवार

आज स्पॅनिशच्या शिकवणीला सुरुवात केली. वर्ग किल्लीवाल्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की वरून कोणी उतरत असेल तर खालच्याने मुकाट उभं राहायचं. खुर्च्या शाळकरी पोरांच्या मापाच्या. तीस वर्षं मी इस्पितळाचं कपडेखातं सांभाळलं, चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं माझ्या हाताखालून गेलं, आणि आता या वयात गुडघे हनुवटीला लावून 'मी आहे, तू आहेस' म्हणत बसायचं.

पहिला भाग मी घरी पुस्तकावरून केला, म्हणून थेट दुसऱ्या वर्गात बसवलं. इथले लोक तो भाग पैसे भरून शिकले आहेत आणि त्यांना माझ्या निम्म्यानेही येत नाही. शिकवणाऱ्या बाई पोरसवदा. कोणी बरोबर बोललं की टाळी वाजवतात, चुकलं तरी वाजवतात. मग कळायचं कसं?

हे सगळं कशासाठी, ते इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. मावसबहीण ही भाषा बोलतात त्या देशात समुद्रकाठी वृद्धाश्रम चालवते. तिला कपड्यांकडे आणि कपडे धुणाऱ्या बायकांकडे बघायला कोणीतरी खमकी हवी आहे. खोली, जेवण, वर पगार. भाषेच्या परीक्षेचा दाखला असल्याशिवाय तिथलं सरकार कामाला परवानगी देत नाही. परीक्षा डिसेंबरात. पास झाले की मी जाणार. एकटी.

गृहस्थांना सांगितलेलं नाही. गृहस्थ म्हणजे माझे यजमान. नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झाले, तेव्हापासून खिडकीशी वर्तमानपत्र धरून बसलेले असतात. आमचं भांडण नाही. भांडायला बोलावं लागतं. मूलबाळ नाही, तेव्हा मधे बोलणारंही कोणी नाही. बहिणीचा पहिला फोन आला तो त्यांनीच उचलला होता. बराच वेळ कानाला लावून उभे राहिले आणि "तुझ्या बहिणीचा" म्हणून माझ्या हातात दिला. कसला, कशाला, एका अक्षराने विचारलं नाही.

आज निघताना म्हटलं, "स्पॅनिशच्या शिकवणीला जातेय."

म्हणाले, "बरं."

चंद्रावर जातेय म्हटलं असतं तरी 'बरं'च म्हणाले असते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

वर्गातल्यांची ओळख झाली. न झाली असती तरी चाललं असतं. एक दातांचा डॉक्टर आहे. सारखा हसतो, बहुधा स्वतःच्या कामाची जाहिरात म्हणून. त्याला मी दातवाला म्हणते. एक फुलांच्या दुकानातली मुलगी, चिमणी. तिला जगातली प्रत्येक गोष्ट गोड वाटते. आज तिला 'खुर्ची' हा शब्द गोड वाटला. आणखी चार जण नुसतेच माना डोलावतात, त्यांना नावं ठेवायचेही कष्ट मी घेतले नाहीत. आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्या टाळीबाई. उथळ पाण्याला खळखळाट फार.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज एक भानगड झाली. माझी चूक नाही, शिकवण्याच्या पद्धतीची आहे.

भूतकाळ सुरू झाला. या भाषेत भूतकाळ एक नाही, दोन आहेत, पण आज फक्त पहिला, एकदा घडून संपलेल्या गोष्टींचा. टाळीबाईंनी फळ्यावर क्रियापदं लिहिली. प्रत्येकाने एक उचलायचं आणि गेल्या वर्षी आपल्याकडे काय घडलं ते सांगायचं. एकाने उचललं की त्यावर काट. दातवाल्याने 'विकत घेतलं' पळवलं, नवीन खुर्ची विकत घेतली म्हणे. चिमणीने 'जन्मला' घेतलं, तिला भाचा झाला. माना डोलावणाऱ्यांनी 'गेलो', 'आलो', 'खाल्लं' वाटून घेतलं. माझ्यापर्यंत फळा येईस्तोवर उरलं एकच. 'मेला.'

खरं सांगायचं तर गेल्या वर्षी आमच्याकडे काहीच घडलं नाही. पण 'काहीच घडलं नाही' म्हणायला या भाषेत दोन नकार लागतात आणि ते पुढच्या धड्यात आहेत. सगळे माझ्याकडे बघत होते. मारायचं कोणाला? नाती मला चारच येत होती. आई, वडील, भाऊ, नवरा. आईवडील कधीच गेले, त्यांना पुन्हा कशाला त्रास? भावाला दमा आहे, उगाच अभद्र नको. उरले गृहस्थ.

"मि मारीदो मुरिओ एल आन्यो पासादो." माझे यजमान गेल्या वर्षी गेले. उच्चार चोख, क्रियापद चोख.

टाळीबाईंनी पहिल्यांदाच टाळी वाजवली नाही. चिमणीने डोळ्याला रुमाल लावला. दातवाला हसायचा थांबला, तेव्हा कळलं त्याला थांबता येतं.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की अहो, हे वाक्य आहे, बातमी नाही. पण वर्गात मराठीत बोलायचं नाही असा बाईंचा दंडक, आणि 'मी हे केवळ फळ्यावर उरलं होतं म्हणून म्हटलं' एवढं त्या भाषेत सांगायला मला आणखी दोन वर्षं लागतील.

घरी आले तर कैलासवासी खिडकीशी बसले होते. "गॅस संपत आलाय," म्हणाले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

विधवा झाल्यापासून माझी बडदास्त वाढली आहे. वर्गातली एकुलती मोठी, गादीची खुर्ची दातवाल्याने अडवली होती, ती त्याने मला दिली. गुडघे पहिल्यांदा माणसासारखे वाकले. मधल्या सुटीत चिमणीने चहा आणून दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. हात ओला होता, फुलांच्या बादलीतला असेल.

लोकांना दुसऱ्याच्या दुःखाची किती हौस असते! गृहस्थ जिवंत असताना, म्हणजे आहेतच, पण या लोकांना जिवंत वाटत असताना, कोणी मला पाणी विचारलं नव्हतं. आता खुलासा करायचा म्हणजे खुर्ची परत करायची. डिसेंबरात या लोकांचं तोंड पुन्हा बघायचं नाही. राहू दे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दुसरा भूतकाळ. टाळीबाई म्हणाल्या, पहिला म्हणजे फोटो आणि दुसरा म्हणजे सिनेमा. सगळे आ वासून ऐकत होते. आपल्याकडे 'तो येई, तो जाई' शाळेत घोकलेलं, ते सगळ्यांच्या डोक्यावरून गेलेलं दिसतं. मी माझ्या खात्यातून समजून घेतलं. चादरीवर डाग पडला, हा पहिला. डाग पडायचे, आम्ही धुवायचो, पुन्हा पडायचे, हा दुसरा. संपलं. त्यासाठी सिनेमा कशाला?

मग गृहपाठ वाचून दाखवायचा होता. एखादा माणूस पूर्वी काय काय करायचा, दिलेल्या यादीतली चार क्रियापदं वापरून. मला टाळीबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्या कोणावर लिहिलंत तरी चालेल हं." या दयेचाच मला राग येतो. मी गृहस्थांवरच लिहिलं होतं आणि तेच वाचलं.

संत्र सोलायचे आणि फोडी माझ्या ताटात ठेवायचे. माझी पाळी सुटायच्या वेळी इस्पितळाच्या फाटकाशी वाट बघत उभे राहायचे. वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, मंत्र्याच्या बातमीला मंत्र्याचा आवाज काढून.

या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लिहायला बसले तेव्हा आठवल्या आणि मला स्वतःचाच राग आला. कधी बंद झाल्या? तारीख नाही. डाग पडला की दिसतो, रंग उडाला की कोणाच्या लक्षात येतो?

चौथं क्रियापद उरलं होतं, 'शिट्टी वाजवणे'. कापडाचा तुकडा वाया घालवायची मला सवय नाही. लिहून टाकलं, सिल्बाबा, दाढी करताना शिट्टी वाजवायचे. हे मात्र साफ खोटं. गृहस्थांना आयुष्यात शिट्टी आली नाही. त्यांना फुंकर घालून चहासुद्धा धड गार करता येत नाही. पण वर्गाला शिट्टीच सगळ्यात आवडली. चिमणी तर म्हणाली, तिला ती ऐकू आली.

३० सप्टेंबर, मंगळवार

चष्मा घरी विसरले. वर्ग सुरू होऊन बराच वेळ झाला तरी दातवाल्याचा पत्ता नव्हता. मग तो धापा टाकत आला, हातात माझा चष्मा.

"खाली एक गृहस्थ उभे होते, त्यांनी दिला," म्हणाला. या वेळी चक्क मराठीत.

"शेजारी आहेत आमचे," मी म्हटलं.

"हो का," तो म्हणाला. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. "भले गृहस्थ आहेत."

एक चष्मा घ्यायला एवढा वेळ? दातवाल्यांना समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलायची सवयच असते. गृहस्थ काही बोलले नसतील ही खात्री. त्यांच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली त्यांनी स्वतःच हरवली आहे.

घरी आल्यावर विचारलं, "चष्मा तुम्ही आणलात?"

"हो."

"कोणाकडे दिलात?"

"वर जाणाऱ्याकडे."

सुटले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

वर्गाला काय झालंय कोण जाणे. मी आत गेले तर कुजबुज थांबली. चिमणी आता रडत नाही, उलट हसू दाबत होती. दुःखाचासुद्धा या लोकांना चार दिवसांत कंटाळा येतो. मधल्या सुटीत माझ्याशेजारी येऊन विचारते, "आणखी काय काय करायचे हो ते? आवडीनिवडी वगैरे?" आणि पेन्सिल घेऊन लिहूनच घ्यायला लागली. मी म्हटलं, "कशाला?" तर म्हणे, "सरावाला." हिच्या सरावाला माझा नवरा! तरी सांगितलं काय काय. पावाची कड मला द्यायचे, कारण मला कड आवडते. एवढं आठवायला मला वेळ लागला नाही, याचंच आश्चर्य वाटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

जेवताना गृहस्थांनी संत्र सोललं आणि फोडी माझ्या ताटात ठेवल्या. वरचे पांढरे दोरेसुद्धा काढलेले.

मी म्हटलं, "तुम्हाला नको का?"

म्हणाले, "नको."

स्वतःला नको असलेलं दुसऱ्याच्या ताटात टाकायचं, हा कुठला शिष्टाचार? खाल्लं. फेकायचं कशाला?

आणखी एक. यांना किल्ल्या करून आणायचं खूळ लागलं आहे. मंगळवार-शुक्रवारी मी घरी येते तेव्हा नुकत्याच चपला काढत असतात, श्वास लागलेला असतो, आणि टेबलावर घराची एक नवीन किल्ली. घरात माणसं दोन आणि किल्ल्या सहा. विचारलं तर म्हणाले, "असाव्यात." उद्या मी गेले की हा माणूस त्यांतली एक तरी शोधू शकेल का, देव जाणे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी स्वयंपाकघरात होते. बाहेरून मंत्र्याचा आवाज आला. "बंधुभगिनींनो, रस्ता खचला यात सरकारचा दोष नसून रस्त्याचा आहे!" मला वाटलं रेडिओ. बाहेर येऊन बघते तर गृहस्थ, वर्तमानपत्र तोंडापुढे धरून. मला बघून पुढची बातमी त्यांनी नेहमीसारखी मनात वाचली.

म्हातारचळ म्हणतात तो हाच. त्यांच्या वडिलांनाही शेवटी शेवटी झाला होता.

मला हसू आलं होतं, पण ते मी आत जाऊन हसले.

२२ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवस बाथरूममधून विचित्र आवाज येतोय. कुकरची शिट्टी नीट बसली नाही की वाफ कशी फुस्स फुस्स करते, तसा. गृहस्थ दाढी करत असतात तेव्हाच येतो, म्हणजे तेव्हाच नळ चालू असतो, म्हणजे नळाचा वायसर गेला. हे समजायला इंजिनियर व्हावं लागत नाही. आज प्लंबरला बोलावलं. त्याने सगळे नळ उघडून बघितले.

"बाई, नळ ठणठणीत आहे," म्हणाला.

"मग आवाज कसला येतो?"

त्याने गृहस्थांकडे बघितलं. गृहस्थ लाल झाले होते. "हवा असेल पाइपात," म्हणाले.

प्लंबर फुकट आला नि चहा पिऊन गेला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मावसबहिणीचा फोन. खोली रंगवून तयार आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. निकाल लागला की तिकीट काढायचं. मग म्हणाली, "त्यांना सांगितलंस का गं?"

म्हटलं, "परीक्षा होऊ दे."

"काय म्हणतील?"

"बरं म्हणतील."

ती हसली. मी विनोद केला नव्हता.

वर्गात टाळीबाई म्हणाल्या, तोंडी परीक्षेत गेलेल्या माणसाविषयी विचारतात, पण तुम्ही दुसरा विषय निवडा. मी म्हटलं, "का? माझा हाच विषय पक्का झालाय." त्या दातवाल्याकडे बघायला लागल्या. तो खिडकीतून खाली बघायला लागला. शिकवायचं सोडून ही माणसं एकमेकांना काय खुणा करतात? नाचता येईना अंगण वाकडं, शिकवता येईना विषय नाजूक.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काय झालं ते नीट क्रमाने लिहिते.

वर्गात गुदमरत होतं, म्हणून मी खिडकी उघडायला उठले. चिमणी एकदम म्हणाली, "मी उघडते, तुम्ही बसा ना!" आणि आडवीच आली. मी तिला बाजूला केलं. एक खिडकी उघडता येत नाही एवढी मी अजून थकले नाही.

अजून उजेड होता. खाली किल्लीवाल्याच्या दुकानाबाहेर स्टुलावर गृहस्थ बसले होते. मला वाटलं, आले आणखी एक किल्ली करायला. पण किल्लीवाला काम करत नव्हता. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसून दोन्ही ओठांचा चंबू करून दाखवत होता. मग शिट्टी वाजवली, चांगली खणखणीत, वरपर्यंत आली. मग गृहस्थांनी चंबू केला. गाल फुगवले. मान पुढे काढली. फुस्स.

किल्लीवाल्याने मान हलवली आणि पुन्हा करून दाखवलं.

मी नळाचा वायसर शोधत होते!

संत्र त्यांचं त्यांना आठवू शकतं. मंत्रीही आठवू शकतो. पण शिट्टी त्यांनी कधी वाजवलीच नव्हती. ती फळ्यावर उरलेली होती. ती या एका खोलीत मी तोंडाने तयार केली आणि या खोलीबाहेर ती जगात कोणालाही माहीत नव्हती.

मी वळले. सगळ्यांची तोंडं पुस्तकात होती. दातवाल्याचं पुस्तक उलटं होतं. टाळीबाईंचे हात टाळीसाठी उचललेले तसेच राहिले होते.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. चष्म्याच्या दिवसापासून. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्यासमोर विधवा होऊन बसत होते, गादीच्या खुर्चीवर, आणि हे सगळे मला बसू देत होते. दोन महिने मी यांना मूर्ख म्हणत आले. एकाही मूर्खाने माझं नाक कापलं नाही.

मी खिडकी लावली आणि जागेवर जाऊन बसले. टाळीबाई पुढचा स्वाध्याय म्हणाल्या. माझा आवाज येत नव्हता, तर चिमणीने माझं वाक्य वाचलं. चुकीचं वाचलं.

वर्ग सुटल्यावर आज मी रेंगाळले नाही, पहिल्यांदा उतरले. हे स्टुलावरून ताडकन उठले.

"इकडे कुठे?" मी म्हटलं.

"किल्ली करायची होती."

किल्लीवाल्याने खाली बघत खिशातून तयार किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. हाताशी करूनच ठेवत असेल.

आम्ही बरोबर चालत घरी आलो. रस्ता ओलांडताना यांनी माझी पिशवी घेतली, आणि त्यात वहीपुस्तकाशिवाय काही नसताना जड असल्यासारखी धरली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वर्गात जायचं नव्हतं. गेले. ठरवून गेले की सगळ्यांसमोर सांगायचं. आत गेले तर गादीची खुर्ची माझ्या जागेवर, चहा टेबलावर. मी उभी राहिले. "माझे यजमान," मी सुरुवात केली, मराठीतच.

दातवाला म्हणाला, "वर्गात मराठी नाही हं."

टाळीबाईंनी टाळी वाजवली. "बरोबर! पान चाळीस काढा."

आणि सगळ्यांनी पान चाळीस काढलं. मी पण काढलं. या लोकांना भूतकाळ अजूनही येत नाही, ते मात्र खरं आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

परीक्षा झाली. तोंडीला परीक्षक म्हणाले, हयात नसलेल्या माणसाविषयी बोला. मी इस्पितळातल्या जुन्या इस्त्रीवालीविषयी बोलले. ती खरोखर गेलेली आहे. सगळी क्रियापदं बिनचूक आली. बाहेर आले तर फाटकाशी हे उभे. इस्पितळाच्या फाटकाशी उभे राहायचे तसेच, एका पायावर भार देऊन. आता किल्लीचं निमित्तही नव्हतं.

"कसा गेला पेपर?"

इतक्या वर्षांत यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्यात गॅस नव्हता.

९ डिसेंबर, मंगळवार

पास. शंभरात एक्याण्णव. वर्गात मी पहिली, पण त्यात विशेष काही नाही, वर्ग तुम्हाला माहीतच आहे.

दाखला टेबलावर ठेवला. हे संत्र सोलत होते.

"मी तिकडे जाणार होते," मी म्हटलं. "बहिणीकडे. कायमची. तुम्हाला शेवटपर्यंत न सांगता."

"माहीत आहे."

"कसं?"

"तिचा पहिला फोन मी उचलला ना. तिला वाटलं तूच आहेस. मी हॅलो म्हणायच्या आत खोली, पगार, सगळं सांगून मोकळी झाली. खोली एकाचीच आहे, हेसुद्धा."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तुला जायचं होतं. मी काय म्हणणार?" यांनी एक फोड वेगळी केली. "तुझा वर्ग बिघडू नये म्हणून त्या लोकांनाही म्हटलं, परीक्षा होईपर्यंत तिला काही बोलू नका."

मला राग आला. खूप राग आला. जाऊ द्यायचं एवढं जमतं या माणसाला, राहा म्हणायचं जमत नाही!

"मग ही संत्री कशाला? तो मंत्री कशाला?"

यांनी ती फोड माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "चष्मा द्यायला आलो तेव्हा दातांचे डॉक्टर भेटले. मी म्हटलं, माझ्या बायकोचा चष्मा आहे. तर त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, अहो, पण तुम्ही तर... आणि तोंड मिटलं. मी म्हटलं, तुम्ही दातांचे डॉक्टर, तुम्हीच तोंड मिटून कसं चालेल? मग त्यांनी सांगितलं, मी गेलो म्हणून. आणि काय काय करायचो ते. मी जिन्यात बसूनच ऐकलं."

"मग?"

"मग काय. माणूस चांगला होता. मला त्याचा हेवा वाटला. म्हटलं, असा माणूस घरात असता तर ही गेली नसती."

मी दाखला उगाच सरळ करून ठेवला.

"संत्र आठवलं," हे म्हणाले. "फाटक आठवलं. मंत्र्याचं जरा आठवावं लागलं. शिट्टीचं मात्र काही केल्या आठवत नाही. किती आठवून पाहिलं. पण तू सांगितलंस म्हणजे मी वाजवत असणार. म्हटलं, सराव केला तर परत येईल."

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. अहो, ते उरलेलं क्रियापद होतं. तुम्ही कधीच वाजवत नव्हतात. पण यांच्या बोटांना संत्र्याचा रस लागला होता आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय सांगते म्हणून.

"वाजवायचात," मी म्हटलं. "फार सुरेख."

मावसबहिणीला फोन केला, येत नाही म्हणून. ती म्हणाली, "नापास झालीस?" म्हटलं, "हो." खरं सांगायला फार वेळ लागला असता, आणि खोटं बोलण्यावर आता माझा हात बसला आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज वर्ग नाही. तरी संध्याकाळी हे किल्लीवाल्याकडे जाऊन आले. किल्ल्या वीसच्या वर गेल्या. एक दातवाल्याला द्यावी म्हणते. तो रविवारी चिमणीला आणि टाळीबाईंना घेऊन येणार आहे, कैलासवासींना भेटायला. घरी एवढे कप नाहीत. मूर्ख माणसं, येतीलही वेळेच्या आधी.

सकाळी हे दाढीला गेले. आधी फुस्स, मग फुस्स, मग एक सूर निघाला. एकच, तोही बेसूर. मी स्वयंपाकघरातून ओरडले,

"अहो! पूर्वी याच्यापेक्षा बरी वाजवायचात!"

आतून हसू ऐकू आलं. मग पुन्हा नुसतीच हवा.